चार सेकंदांत बरा झालेला रुग्ण

ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे तिनं कधी मोजायला घेतलं नाही. उत्तर काय येणार ते तिला ठाऊक होतं. खरं तर रक्त दिसलं की तिला घेरी यायची, आणि घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर शोधण्यातच तिचा अर्धा तास जायचा. पण ऑफिसातला तिचा रुग्ण वेगळा होता. तो जिन्याखालच्या कोंदट खोलीत, एका घरघरणाऱ्या सर्व्हरच्या पोटात राहायचा, आणि त्याला रक्त नव्हतं.

त्या रुग्णाचं नाव रेपो. कंपनी शहरातल्या चौकांचे सिग्नल चालवणारे प्रोग्राम लिहायची. कुठला दिवा किती सेकंद हिरवा, कुठला लाल, पायी चालणाऱ्यांना किती वेळ. माणसं मोजून नऊ, खोल्या दोन, खाली सायकलींचं दुकान. त्यामुळे हवेत कायम रबराचा वास. रेपो म्हणजे या सगळ्या कामाची कोठी. आजचा प्रोग्राम तिच्यात असायचाच, पण त्याच्याखाली अकरा वर्षांतला एकेक बदल थरावर थर रचून ठेवलेला असायचा, आणि प्रत्येक बदलाला एक नोंद. कुणी केला, कधी केला, का केला.

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी वीज गेली, चार फायली अर्धवट लिहिल्या गेल्या आणि अख्खी कोठी उघडेना. तिनं दोन दिवस जमिनीवर बसून, बिस्किटांवर जगून, ती हातानं दुरुस्त केली. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिथंच घात झाला. टाळ्या पचवायला पोट मजबूत लागतं, आणि तिचं पोट लहानपणापासून नाजूक.

महिनाभरात तिनं ‘वैद्य’ लिहिला. वैद्य म्हणजे एक स्क्रिप्ट, आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. दर तासाला रेपोची नाडी बघायची. काही बिघाड दिसला की आजारी रेपो उचलून ‘शवागार’ नावाच्या फोल्डरात टाकायचा, दुसऱ्या मशिनांवर ठेवलेल्या प्रतींपैकी एक धडधाकट प्रत त्याच्या जागी आणून बसवायची आणि सगळ्यांना निरोप धाडायचा. स्क्रिप्टवर तिनं आठ दिवस घालवले, निरोपाच्या शब्दांवर बारा. शेवटी ठरलं ते असं: ‘रुग्ण ठणठणीत. नातेवाइकांनी काळजी करू नये.’

आणि नातेवाइकांनी खरोखरच केली नाही. सगळ्यात कमी तिनं केली.

तर बुधवारी सकाळी दादा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दादा म्हणजे कंपनीचे मालक. वयानं पन्नाशीचे, पण झाडून सगळ्यांचे दादाच.

“डॉक्टरीणबाई, एक छोटंसं काम. डोळ्यांच्या दवाखान्यासमोरचं क्रॉसिंग माहितीये ना? तिथं चालणाऱ्यांना आपण एकतीस सेकंद देतो.”

“बरं.”

“बाकी सगळीकडे बावीस. रस्तेखात्याचे साहेब उद्या तीनला येतायत. म्हणतात, नऊ सेकंद जास्तीचे कशाला? मागे गाड्यांची शेपटी लागते, बावीस करून टाका. आता एकतीस ठरवले काकांनी. तो माणूस कारणाशिवाय शिंकतसुद्धा नसे. त्यांची नोंद तेवढी काढून ठेव. साहेबांच्या तोंडावर मारू... म्हणजे, नम्रपणे दाखवू.”

“आत्ता देते, दादा. दोन मिनिटं.”

काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. हातात स्टॉपवॉच, गळ्यात पाण्याची बाटली, आणि दिवसचे दिवस चौकात उभे. प्रत्येक आकड्यामागे त्यांची पानभर नोंद असायची. तिच्या स्वतःच्या नोंदी आटोपशीर असत: ‘किरकोळ सुधारणा’. त्याहून मोठं काही केलं असेल तर ‘सुधारणा’.

तिनं रेपोचा इतिहास उघडला. चौदा ओळी दिसल्या.

तिनं पुन्हा उघडला. चौदाच. अकरा वर्षांच्या जागी चौदा ओळी, आणि त्यातली सगळ्यात जुनी गेल्या महिन्यातली, तिचीच. ‘किरकोळ सुधारणा’.

 शेजारच्या टेबलाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिथं बसायची ती दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. पगारच त्याचा होता. ऑफिसात तिला चिमटा म्हणत, आणि या नावाबद्दल तिला स्वतःलाही तक्रार नव्हती.

“काय गं? चेहरा असा का? रुग्ण गेला का?”

“गेला नाही. बरा झालाय.”

“मग?”

“बरा झाला, पण त्याला काही आठवत नाहीये.”

चिमट्यानं खुर्ची ओढत आणली. दोघींनी वैद्यचा रोजनामा उघडला. नऊ दिवसांपूर्वी, सकाळी अकरा वाजता: ‘एक फाइल खराब. उपचार सुरू. धडधाकट प्रत सापडली. रुग्ण ठणठणीत. लागलेला वेळ: चार सेकंद.’

“हो की,” चिमटा म्हणाली, “त्या दिवशी तू हे मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस. चहा पण पाजलास.”

“आठवण करून देऊ नकोस.”

“चार सेकंदांत अकरा वर्षं आणली कुठून तुझ्या वैद्यानं?”

तेच तर. डॉक्टरीणबाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं आणि एकेक गोष्ट कबूल करत गेल्या. वैद्य सगळ्या मशिनांवरच्या प्रतींना एकदम विचारायचा, ‘तू धडधाकट आहेस का?’ आणि जी आधी हात वर करेल ती उचलायचा. पहिल्यांदा हे ठीक होतं, कारण तेव्हा सगळ्या प्रती पूर्ण होत्या. पण उन्हाळ्यात तिला आणखी एक सुधारणा सुचली होती. लॅपटॉप जड झालेत, तर सगळ्यांनी आखूड प्रती घ्या. फक्त शेवटचे दहा बदल, जुनं ओझं कशाला? दर सोमवारचा बॅकअप तेवढा पूर्ण ठेवला होता.

“म्हणजे आखूड प्रत तपासायला वेळ कमी लागला,” चिमटा म्हणाली.

“म्हणून तिनं आधी हात वर केला.”

“आणि ती धडधाकट होतीच. जेवढी होती तेवढी. दहा बदल, वर या नऊ दिवसांतले चार.”

“हो.”

“सोमवारचा बॅकअप?”

“तो सोमवारी वैद्यच घेतो. बऱ्या झालेल्या रुग्णाचा.”

“जुन्यावर नवा?”

“जुन्यावर नवा.”

चिमट्यानं एक लांब शीळ घातली. “बाई, एखाद्या शत्रूला नेमलं असतं तरी इतकं नीटनेटकं जमलं नसतं. बरं, तो आजारी रेपो? शवागारात असेल की.”

“दर सात दिवसांनी, रविवारी, शवागार आपोआप रिकामं होतं. रविवार तर झाला.”

“कुणी लिहिलं हे सात दिवसांचं?”

 त्या मजल्यावर असल्या गोष्टी लिहिणारं माणूस एकच होतं. रविवारचा निरोपही पेटीत पडलेला होता: ‘सफाई झाली.’

दुपारी तिनं बाल्कनीत जाऊन काकांना फोन लावला. निदान तोंडी कारण तरी मिळेल. दादांना तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. ‘दोन मिनिटं’चे चार तास झाले होते आणि ती त्यांची नजर चुकवून पाणी प्यायला जात होती.

“काका, मी बोलतेय. डोळ्यांच्या दवाखान्यासमोर एकतीस का हो ठेवले होते?”

“कोण, डॉक्टरीण? अगं, मला काय माहीत?”

“तुम्हीच ठरवलेत ना!”

“ठरवले, आणि लिहून ठेवले. लिहिलं की मी विसरतो. म्हणून तर लिहायचं! सगळं डोक्यात ठेवलं असतं तर एव्हाना बायकोचं नाव विसरलो असतो. नोंद बघ की. आहे ना?”

खाली सायकलवाल्यानं कुठल्याशा चाकात हवा भरायला घेतली. फस्, फस्, फस्.

“आहे ना, काका.”

“मग झालं तर. आणि ऐक, कुणी बावीस करा म्हणत असेल तर करू देऊ नकोस हो. कारण आठवत नाही, पण कारण मोठं होतं.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. दोन रस्ते पलीकडे दवाखान्याची पांढरी पाटी दिसत होती. तिच्याखालून एका डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं बाहेर पडत असतील, कुणाचा तरी हात धरून नाहीतर एकटी, आणि समोरचा हिरवा माणूस पेटायची वाट बघत असतील. उद्या तीननंतर त्यांचे नऊ सेकंद कमी. कारण? एका बाईला टाळ्या आवडतात.

संध्याकाळी घरी आली तर आई कुणावर तरी डाफरत होती. आई रफू करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, वर वाकवता येणारा दिवा, आणि भोकं पडलेल्या कोटांची रांग. समोर एक गृहस्थ लोकरीचा कोट घेऊन अपराध्यासारखे उभे होते.

“कडा कापायला कुणी सांगितल्या होत्या?”

“नाही, म्हटलं धागे लोंबत होते, जरा स्वच्छ करून आणावं...”

“स्वच्छ! अहो, त्या लोंबत्या धाग्यांवरच मी काम करते. तेच भादरून आणलेत तर मी काय तुमच्या मिशीचे केस ओवू?”

गृहस्थ कोट ठेवून पळाले. मुलीनं चपला काढल्या आणि सरळ जमिनीवर बसकण मारली.

“आई, मी पण कडा कापल्यात.”

“तू कोट कधीपासून घालायला लागलीस?”

तिनं सगळं सांगितलं. आईला रेपोचं ओ की ठो कळत नसे, पण फाटण्याच्या गोष्टी ती मन लावून ऐके. सुई तोंडात धरून तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे फाटकं काढलं आणि त्या जागी आखूड बसवलं. बरं. ते फाटकं टाकलं कुठं?”

“फेकलं गेलं.”

“तू बघितलंस?”

“निरोप आलाय ना, सफाई झाली म्हणून.”

“निरोप कुणाचा?”

“माझ्याच स्क्रिप्टचा.”

आईनं तोंडातली सुई काढली. “तुझ्याच चेल्यानं बरा झाला म्हणून सांगितलं, ते निघालं तसलं. आता तुझाच दुसरा चेला सांगतोय फेकलं म्हणून, आणि तो मात्र हरिश्चंद्र? शाळेत तू ‘अभ्यास झाला’ म्हणायचीस, तेव्हा मी दप्तर उघडून बघायची. कारण मी तुला ओळखते.”

मुलगी ताडकन उठली आणि पुन्हा खाली बसली. सर्व्हर घरून उघडता येत नसे. सुरक्षेसाठी ती सोय तिनंच बंद केली होती. त्या रात्री आईला ती एकदा आमटी वाढायला विसरली आणि तीनदा वाजले किती ते विचारून बसली.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला ती जिन्याखालच्या खोलीत होती. शवागार उघडण्याआधी तिनं डोळे मिटले, एक उघडला, मग दुसरा.

एकसष्ट.

एकसष्ट आजारी रेपो, तीन वर्षांचे, ओळीनं निजलेले. एकही फेकला गेला नव्हता. सफाईची स्क्रिप्ट लिहिताना तिनं आधी तालमीसाठी एक रिकामं फोल्डर केलं होतं. खरं काही चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. तालीम उत्तम झाली. मग खऱ्या फोल्डरचा पत्ता घालायचं राहून गेलं. तीन वर्षं, दर रविवारी, तिची स्क्रिप्ट इमानेइतबारे तेच रिकामं फोल्डर झाडत होती आणि कळवत होती, ‘सफाई झाली.’

चिमटा आली तेव्हा डॉक्टरीणबाई हसत होत्या की रडत होत्या, हे लांबून कळत नव्हतं. जवळून बघितल्यावरही कळेना.

“आहे?”

“आहे! सगळेच आहेत. आणि अजून ऐक ना, रुग्ण आजारी का पडला ते सापडलं. डिस्क भरली होती. जागाच उरली नाही, म्हणून एक फाइल अर्धी लिहिली गेली.”

“डिस्क भरली कशानं?”

“या एकसष्ट जणांनी.”

चिमटा पायरीवर बसली. “थांब, मला समजून घेऊ दे. सफाई तू धड केली नाहीस म्हणून रुग्ण आजारी पडला. वैद्य तू धड लिहिला नाहीस म्हणून तो मेला. आणि सफाई तू धड केली नाहीस म्हणून तो वाचला.”

“हो.”

“यात तू धड केलेलं काही आहे का?”

“शोधतेय.”

शेवटचा, एकसष्टावा रेपो तिनं अलगद बाहेर घेतला. आता ना वैद्य, ना चार सेकंद. हातानं, एकेक थर. चिमटा बाजूला बसून दर दोन मिनिटांनी विचारत होती, “बघितलंस, की वाटतंय?” आणि ती म्हणत होती, “बघितलं.” अकरा वर्षांतले हजारो बदल तपासून झाले तेव्हा बारा वाजून गेले होते. खराब होती ती एकच फाइल, शेवटची. ज्या एका फायलीपायी वैद्यानं अख्खा रुग्ण शवागारात ढकलला ती कुठली, म्हणून तिनं नाव बघितलं आणि स्क्रीनवर पटकन हात ठेवला.

“दाखव,” चिमटा म्हणाली.

“काही नाही गं.”

“हात काढ.”

ते एक चित्र होतं. वैद्यच्या निरोपांवर वर छापायला तिनं हौसेनं काढलेलं. स्टेथोस्कोप घातलेला हसरा डबा.

ती फाइल तिनं पुसली. मग गेल्या नऊ दिवसांचं नवं काम वर रचलं, आणि पावणेतीनला काकांची नोंद छापून हातात घेतली. कागद अजून गरम होता. दादांना तिनं जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. ते दोनदा खाली बघून, एकदा वर बघून म्हणाले, “साहेबांसमोर हे काही काढू नकोस. तांत्रिक अडचण होती म्हणू.”

साहेब तीनला आले, पावणेचारला निघायचं म्हणून घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

“बोला. एकतीसचं काही लेखी आहे का? बुधवारपर्यंत पाठवतो म्हणालात, आलं नाही. मी समजलो, नसावंच.”

दादांनी तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली आणि वाचू लागली.

“‘डोळ्यांच्या दवाखान्यासमोर चालणाऱ्यांचा हिरवा बावीसवरून एकतीस केला. दोन आठवडे, सकाळी दहा ते बारा, उभा राहून मोजलं. बावीसला सत्तावीस माणसं मध्येच अडकली. कारण कळेना, चालतात तर बरी. मग पाय बघितले. एका डोळ्यावर पट्टी असली की पायरी किती खोल आहे ते कळत नाही. माणूस फुटपाथची कड आधी पायानं चाचपतो, मग उतरतो. पलीकडे चढताना पुन्हा चाचपतो. तिथंच आठ सेकंद जातात. आपण रस्त्याची रुंदी मोजतो, हे कुठंच मोजत नाही. तीसला दोन जण अडकले. एकतीसला कुणीच नाही. कमी करायचे असतील तर आधी एक डोळा झाकून ओलांडून बघावं. मी बघितलं. शिव्या खाल्ल्या.’”

 साहेबांनी, आपण काय करतोय ते कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, डावा तळहात डोळ्यावर ठेवला आणि उजव्या हातानं समोरचा चहाचा कप घ्यायला गेले. बोटं कपाच्या कानाच्या चार बोटं अलीकडेच मिटली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हात खाली घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी चहा प्यायले.

“एकतीस राहू दे,” ते म्हणाले. “हा कागद मला द्या. पण एवढं चांगलं हाताशी असताना काल का नाही पाठवलं?”

“तांत्रिक—” दादांनी सुरुवात केली.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “रेपो आपोआप दुरुस्त व्हावा म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, साहेब. तिनं दुरुस्त करता करता अकरा वर्षं पुसली. परत मिळाली ती माझ्या दुसऱ्या एका स्क्रिप्टमुळे. ती चालतच नव्हती.”

साहेबांनी घड्याळ मनगटाला बांधलं. “आमच्याकडे सगळं कागदावर असतं,” ते म्हणाले. “ते आम्हालाही सापडत नाही. पण त्याला निदान कुणी दुरुस्त झालं म्हणत नाही.”

ते गेल्यावर तिनं काकांना फोन लावला. “काका, काल मी खोटं बोलले. नोंद नव्हती. आज आहे.”

“वाटलंच मला. ‘आहे ना, काका’ म्हणून गप्प बसलीस. तू कधी दोन शब्दांत आटोपतेस का? नोंदी सोडल्या तर.”

“राहिले ना, काका. एकतीस.”

“का म्हणून ठेवले होते गं मी?”

तिनं सगळी नोंद पुन्हा वाचून दाखवली. पलीकडून मधूनमधून ‘हो का?’, ‘अरे वा!’ असं येत राहिलं. जणू दुसऱ्याच कुणाची हुशारी ऐकत होते.

संध्याकाळपर्यंत वैद्यची पदावनती झाली. आता त्यानं नाडी बघायची, बिघाड दिसला तर हाक मारायची, आणि कशालाही हात लावायचा नाही. बदल पाच ओळींचा. खाली नोंदीच्या चौकोनात तिची बोटं सवयीनं ‘किरकोळ सु’ इथवर पोचली होती. ती थांबली, पुसलं, आणि पहिल्यापासून लिहायला बसली. आखूड प्रत, आधी हात वर करणारी, रिकामं फोल्डर, एकसष्ट, हसरा डबा. दीड पान झालं. डबा गाळावा का, यावर ती बराच वेळ अडली. राहू दिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला पहिली हाक आली: ‘रुग्णाला शिंक आली आहे. मी काही केलेलं नाही.’

“जा,” चिमटा मान वर न करता म्हणाली. “बघून ये.”

“जातेच आहे गं.”

“चार सेकंदांत परत आलीस तर याद राख.”

ती जिना उतरून खाली गेली आणि जेवायची सुट्टी झाली तरी वर आली नाही.